भिंगारदिवे मॅडमचं अर्थिंग

आमच्या शाळेतल्या एका खोलीच्या दारावरची पाटी मी रंगवली होती. निळा पत्रा, पांढरी अक्षरं: ‘संगणक कक्ष. पादत्राणे बाहेर काढावीत.’ मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे शाळेतल्या सगळ्या पाट्या माझ्याच गळ्यात. भिंगारदिवे मॅडम रुजू झाल्या त्या दिवशी हेडसर त्यांना शाळा दाखवत फिरत होते आणि मी रिकामा तास म्हणून मागे मागे होतो. पाटीपाशी आल्यावर हेडसरांनी चपला काढल्या, मी काढल्या, रामभाऊ शिपायांनी तर व्हरांड्याच्या टोकालाच काढल्या होत्या. मॅडमनी पाटी मोठ्यानं वाचली आणि रबरी चपला फटक फटक वाजवत सरळ आत गेल्या.

“मॅडम, चपला...” हेडसर दारातूनच म्हणाले.

“हायेत की पायात,” मॅडम आतून म्हणाल्या.

ही खोली म्हणजे शाळेचा गाभाराच होता. नागापूरच्या एका कारखान्यानं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने चार आमच्या मिरजगावच्या शाळेला देणगी म्हणून दिले. टेम्पो आला तेव्हा हलगी लावली होती. हायवेवरच्या टपऱ्यांवरची माणसं हातातला चहा घेऊन बघायला आली. आमच्या शिक्षणसंस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी नारळ फोडला. शिवणाच्या तासाला मुलींनी चारही मशीनना झालर लावलेली झबली शिवली. आणि मग खोलीला कुलूप लागलं. किल्ली हेडसरांच्या खिशात, आणि मुलांना पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला खिडकीतून दर्शन. पोरं सगळ्या कर्जत तालुक्यात ‘आमच्याकडं कॉम्प्युटर हाय’ म्हणून मिरवायची, पण त्यातल्या एकाचंही बोट त्याला लागलेलं नव्हतं.

बोट न लावण्याला कारणही होतं. मशीन चावायचं. खोटं सांगत नाही, मला स्वतःला चावलंय. पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. सेक्रेटरीसाहेबांचा पुतण्या नगरला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, त्यानंच ही मशीनं जोडून दिली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, “नाजूक वस्तू आहे. धूळ चालत नाही. स्वच्छता पाळा.” झालं, आम्ही स्वच्छता पाळायला लागलो. आधी चपला बाहेर. तरी चावलं. मग शहाबादी फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. तरी चावलं. मग रामभाऊंनी दाराशी बादली ठेवली, पाय धुऊनच आत जायचं. ओल्या पायांनी ओल्या फरशीवर उभं राहून हात लावला की असा दणका बसायचा की विचारू नका. जितका झटका वाढायचा तितकं आम्ही सोवळं वाढवायचो, आणि जितकं सोवळं वाढायचं तितका झटका. एवढी शिकलेली माणसं आम्ही, पण कुणाच्याही डोक्यात ट्यूब पेटली नाही.

मॅडमच्या पर्समध्ये एखाद्या दिवशी कंगवा नसेल, पण टेस्टर असायचा. त्यांचा थोरला भाऊ नागापूरला मोटर वायंडिंग करायचा आणि बी.एस्सी.चा अभ्यास त्यांनी त्याच्याच दुकानात, जळक्या वार्निशच्या वासात केला होता. त्यांनी झबलं उचललं, मशीन चालू करायला लावलं आणि पत्र्याला टेस्टर टेकवला. लाल बत्ती लागली. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि भिंतीतल्या सॉकेटचं झाकण उघडून आत डोकावल्या.

“या तिसऱ्या भोकाची वायर कुठंय?”

“त्याला वायर न्हाई मॅडम,” रामभाऊ म्हणाले. “ते नुसतं शोभंला हाय.”

“म्हणजे या खोलीला अर्थिंगच नाही,” मॅडम म्हणाल्या. “मशीनमधला जादाचा करंट जमिनीत जायला वाट शोधतोय. भिंतीतनं वाट नाही, म्हणून तुमच्या अंगातनं जातोय. आणि तुम्ही पाय धुऊन त्याला रस्ता करून देताय! माझ्या पायात रबर आहे, मला का नाही चावत बघा.” आणि त्यांनी उठून पंजा पसरून मशीनवर ठेवला. रामभाऊंनी डोळे मिटून घेतले.

बाई ठेंगणी, सावळी, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की प्रार्थनेला माईक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. वर्गात त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या. पण राग आला की सगळं शुद्ध गळून पडायचं आणि त्यांच्या श्रीगोंद्याकडच्या वस्तीवरची बोली वर यायची. आम्हाला ते सोयीचं होतं. मॅडम ‘नाही’ म्हणाल्या तर पुढं बोलायला जागा असायची. ‘न्हाई’ म्हणाल्या की आपण आपला डबा उघडावा.

अर्थिंगसाठी खोलीमागं खड्डा खणायचा होता. हेडसर म्हणाले, संस्थेच्या आवारात खड्डा म्हणजे सेक्रेटरीसाहेबांची लेखी परवानगी लागेल. हेडसर माणूस वाईट नव्हता. निवृत्तीपर्यंत कुठल्याही कागदावर आपलं नाव लाल शाईत येऊ नये, एवढीच त्याची देवाकडं मागणी होती. मॅडम “बरं” म्हणाल्या आणि रविवारी पदर खोचून टिकाव घेऊन हजर झाल्या. मुरूम कडक, ऊन कडक, आणि बाई त्याहून कडक. रामभाऊ आधी नुसते बघत होते. मग त्यांनी फावडं आणलं, मग मीही बाह्या सारल्या. खाली पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमिठाचे थर दिले, तांब्याची तार भिंतीतून आत नेली. सोमवारी टेस्टर टेकवला, बत्ती लागली नाही. रामभाऊंनी भीत भीत एक बोट लावलं, मग दुसरं, आणि मग दोन्ही हात लावून उभे राहिले. “आरं तिच्या, गरीब झालं की हे!”

पण अर्थिंगचा खड्डा ओला राहावा लागतो, आणि आमच्या भागात मार्च लागला की पाण्याचा टँकर येतो. मॅडम रोज एक बादली खड्ड्यात ओतायला लागल्या तशी गावात बोंब झाली. टँकरच्या रांगेत एक म्हातारी मला ऐकवून गेली, “मान्साला प्यायला पानी न्हाई अन् तुमची बाई भुईला पाजतीया व्हय!” मॅडमना सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं, पण म्हणाल्या, “म्हातारीचं खरंय.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फर्मान काढलं: डबा खाल्ला की सगळ्या शाळेनं हात धुवायचे ते त्या खड्ड्यावर. कुणी तिथं हात धुतला नाही तर बाईंचा आवाज मैदानापलीकडून यायचा, “ए, मशीनला पाणी पाजलंस का?” मटकीची उसळ, लोणचं, ठेचा, सगळ्याचं धुणं त्या खड्ड्यात गेलं, आणि त्याच्यावर चार कॉम्प्युटर शांत राहिले.

आता झटका बसत नव्हता, तेव्हा हेडसरांनी गोडीत विषय काढला. “मॅडम, आता चावत नाही म्हणता. मग आता चपला बाहेर काढायला हरकत नसावी.”

मॅडम स्क्रू पिळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दोन कारणं हुती. एक शास्त्राचं, ते मिटलं. दुसरं माझं हाय.”

मग हातातलं काम थांबवून त्यांनी ते सांगितलं. “माझ्या आज्ज्याला चावडीपुढनं जाताना वहाना काढून हातात घ्याव्या लागायच्या. करकर वाजनाऱ्या वहाना त्याला लई आवडायच्या, पन घालायची बंदी. दीक्षा घेऊन आला अन् पयल्या बाजारी करकरत्या वहाना घेतल्या. त्या पायात घालून चावडीपुढनं गेला, परत आला, पुन्हा गेला. मार खाल्ला, पन पुन्हा कधी हातात घेतल्या न्हाईत. सर, विहारात मी काढते. माझ्या मनानं काढते. पन या पत्र्याच्या डब्यापुढं? न्हाई.”

‘न्हाई’ आलं होतं. हेडसर डबा खायला गेले. मी तिथंच उभा राहिलो. मी शेख, मशिदीत चपला काढतो, कुणाच्या देवघरापुढं गेलो तर तिथंही काढतो, आणि आजवर त्याचा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी केला. मॅडमनी माझ्याकडं बघून पाटीकडं बोट केलं. मी स्टूल आणलं, पाटी काढली आणि कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवली.

आता आत चपला घालूनच बसायचं असं मॅडमनी ठरवलं, पण आमची निम्मी पोरं शाळेत अनवाणीच यायची. चपला घालून या म्हटलं तर ती पोरं दाराबाहेर उभी राहणार, म्हणजे पुन्हा तेच. मॅडमनी गावभर फिरून जुन्या रबरी चपला गोळा केल्या. कुणाचा पट्टा तारेनं बांधलेला, कुणाच्या टाचेला खळगा. त्या दाराच्या आतल्या बाजूला ओळीनं मांडल्या. ज्याच्या पायात नाही त्यानं आत येताना घालायच्या. डावी हिरवी, उजवी निळी, आठवीतली पोरगी दहावीतल्या पोराच्या मापाची चप्पल ओढत मशीनपुढं जाऊन बसायची. देशभर कॉम्प्युटरपुढं लोक चपला काढत होते, आणि आमच्याकडं घालून बसत होते.

आता मशीन गरीब झालं, तरी चालत नव्हतंच. सुरू झालं की पासवर्ड मागायचं आणि पासवर्ड पुतण्यापाशी. पुतण्या दोनदा येऊन गेला आणि त्यानं काकांना रिपोर्ट दिला: मशीनं जुनी, नवी विंडोज त्यांच्यावर चालणार नाही, शाळेत नुसती सडतायत. त्यावर सेक्रेटरीसाहेबांचं पत्र आलं. वार्षिक परीक्षेनंतर साहेब स्वतः येऊन पाहणी करतील, आणि मशीनं चालत नसतील तर ती ‘दुरुस्ती व योग्य वापरासाठी’ पुतण्याच्या क्लासकडे सोपवली जातील. हेडसरांनी पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. दुरुस्तीला गेलेली वस्तू तिकडून परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण शाळेची टायपिंगची मशीनंही अशीच ‘दुरुस्तीला’ गेली होती. मॅडम म्हणाल्या, “चालतील.”

“कशी चालतील?” हेडसर म्हणाले. “तो मुलगा त्यातला माहीतगार आहे.”

“मंग मी बी व्हते माहीतगार.”

नगरच्या स्टँडवर त्यांना कॉम्प्युटरचं एक मासिक मिळालं होतं, त्याच्याबरोबर एक सीडी फुकट होती. तिच्यावर लिनक्स नावाची सिस्टीम. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, कुणीही उघडून बघावी, जुन्या मशीनवर चालावी, आणि पुतण्याचा पासवर्ड लागू नये, अशी. मॅडमना ती कल्पनाच इतकी आवडली की स्टाफरूममध्ये त्यांनी सीडी सगळ्यांच्या नाकासमोर नाचवली. “ही सिस्टीम कुणाच्या बापाची न्हाई. म्हनून माझी हाय.”

एक जुना सीडी ड्राइव्ह त्यांनी स्वतः मिळवून आणला. पण ही मशीनं सीडीवरून सुरू व्हायला तयार नव्हती, आधी फ्लॉपी लागायची, आणि फ्लॉपी एकाही मशीनमध्ये वाचेना. एक नाही, दोन नाही, चारही ड्राइव्ह मेलेले. मॅडमनी पहिला ड्राइव्ह खोलला. आत अक्षता होत्या, हळद होती, आणि कुंकवाचा वाळलेला चिखल. रामभाऊ अपराधी चेहऱ्यानं पुढं झाले. “खंडेनवमीला पूजा केली हुती मॅडम. बाकी सगळीकडनं बंद हाय, येवढं येकच तोंड दिसलं. म्हनलं सनासुदीला उपाशी नगं.”

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग दातकोरणं आणि स्पिरिटचा बोळा घेऊन त्या आणि रामभाऊ शेजारी शेजारी बसले आणि एकेक तांदूळ वेचून काढला. मशीनला दोष नाही, माणसाला दोष नाही, आधी तांदूळ काढा, ही त्यांची पद्धत. रामभाऊ त्या दिवसापासून बाईंचा माणूस झाला.

लिनक्स त्यांना का मानवलं, ते मला हळूहळू कळलं. पुतण्याची सिस्टीम सुरू होताना एक सुंदर चित्र दाखवायची, आणि मागं काय बिघडलंय ते चित्रामागं झाकून ठेवायची. लिनक्स चित्र दाखवत नव्हतं. काळ्या पडद्यावर भराभर ओळी यायच्या: हे सापडलं, ते सापडलं, हे सापडलं नाही. अडलं की शेवटच्या ओळीवर थांबून तक्रार तोंडावर सांगायचं. “भांडखोर हाय,” मॅडम कौतुकानं म्हणायच्या, “पन मागं चहाडी करीत न्हाई.” आणि त्यांचा एक प्रश्न अख्ख्या शाळेत रूढ झाला. पोरं ओरडत यायची, “मॅडम, बंद पडलं!” मॅडम जागेवरून हलायच्या नाहीत. “बंद पडलं हे कुणीबी सांगंल. कुठपर्यंत चालतंय ते सांग.” पोरगं परत जायचं, शेवटची ओळ अडखळत इंग्रजीत वाचायचं. माऊस हलत नाही? मशीनच्या पाठीला माऊस जोडायच्या जागा दोन, आपण सांगितली एक आणि वायर दुसरीत. लाइट गेली आणि डिस्क तपासायला थांबलंय? मग विचारतंय त्याला ‘y’ म्हण, म्हणजे हो, दुरुस्त कर. आमच्याकडं लाइट दिवसातून कितीदा जायची त्याला सुमार नव्हता. पोरं इतक्या वेळा ‘y’ म्हणाली की त्यांच्या इंग्रजीची सुरुवातच त्या अक्षरापासून झाली.

पुढं तर गणिताचे मास्तरही पोरगं गणितात अडलं की विचारायला लागले, “कुठपर्यंत आलंय?” आधी ते डस्टर फेकून मारायचे.

अक्षरं उमटत होती, पण चित्रं दिसेनात, पडदा नुसता गरगर फिरायचा. प्रत्येक मॉनिटरला किती वेगानं चित्र सोसतं, त्याचे आकडे सिस्टीमला सांगावे लागायचे, आणि आमच्या मॉनिटरवरची ती चिठ्ठी कारखान्यातच घासून गेलेली. मासिकात ठळक इशारा होता: चुकीचा आकडा दिल्यास मॉनिटर जळू शकतो. मॅडमनी तो मला वाचायला लावला, मग स्वतः वाचला. “लहान आकड्यापासनं चढत जायचं,” त्या म्हणाल्या. “मॉनिटरनं शिट्टी मारली की बटन बंद.” मी बटणावर बोट ठेवून बसलो. तीन मॉनिटर नीट लागले, फुलांचं एक रंगीत चित्र पडद्यावर आलं आणि खिडकीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. चौथ्यानं शिट्टी मारलीच नाही. एकदम फट्‌ आवाज झाला, धूर निघाला, आणि खोलीभर तो वायंडिंगच्या दुकानातला वास पसरला.

मी घाबरलो. म्हणालो, “मॅडम, लाइटचा दाब वाढला होता असं सांगू. रोजच वाढतो.”

“न्हाई,” मॅडम म्हणाल्या. तशाच उठल्या, हेडसरांच्या ऑफिसात गेल्या आणि दारातून म्हणाल्या, “सर, एक मॉनिटर जाळला. मी जाळला. नोंद करा.” हेडसरांनी कप बाजूला सारून नोंदवही पुढं ओढली.

तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. जळालेला मॉनिटर बाजूला केला, पण चौथं मशीन चालूच ठेवलं. एक केबल शेजारच्या मशीनला जोडली आणि तिकडच्या कीबोर्डवरून याच्याशी बोलायचं. पोरांनी त्याचं नाव आंधळा ठेवलं. मॅडमना ते पसंत पडलं नाही. “डोळा गेलाय, डोकं शाबूत हाय त्याचं,” त्या म्हणायच्या, आणि शाळेचा एकुलता एक प्रिंटर मुद्दाम त्यालाच जोडला.

परीक्षा संपली आणि सेक्रेटरीसाहेब आले, पुतण्या आणि रिकामा टेम्पो बरोबर घेऊन. टेम्पो फाटकात उभा राहिलेला सगळ्या शाळेनं पाहिला. दाराशी साहेब सवयीनं बूट काढायला वाकले आणि पाटी नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. आत पोरं चपला घालून बसलेली. साहेब बूट न काढताच आत आले. मशीनं बघितली. तीन चालत होती, पोरं टाइप करत होती. पुतण्यानं चौथ्याकडं बोट दाखवलं. “हे बघा काका, हे मेलंय. मॉनिटरसुद्धा नाही.”

मॅडमनी तिसऱ्या मशीनवरच्या मुलीला नुसती मान हलवली. तिनं काहीतरी बडवलं, आणि चौथ्याचा प्रिंटर करकर करत कागद बाहेर काढायला लागला. शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव, इंग्रजी अक्षरांत, ज्यानं त्यानं स्वतः टाइप केलेलं. कागद टेबलावरून खाली आला, फरशीवर घड्या पडायला लागल्या, साहेबांच्या बुटांपर्यंत पोचला, तरी नावं संपेनात. पोरं आपापलं नाव आलं की ओरडत होती. साहेब शेवटपर्यंत थांबले, आणि टेम्पो रिकामाच परत गेला.

पण साहेबांसारखी माणसं तोंडावर हरत नाहीत. आठवड्यात पत्र आलं: संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान, कक्षाच्या शिस्तीचा भंग. भिंगारदिवे यांनी लेखी माफीनामा द्यावा, प्रकरण तिथंच मिटवू. हेडसरांनी माफीचा मजकूर स्वतःच तयार केला, मॅडमना खुर्ची दिली, पाणी दिलं. “दोन ओळी आहेत. सही करा, इथंच राहाल.”

मॅडमनी पेन घेतलं. ‘मॉनिटर मी जाळला’ एवढं लिहून सही केली. “येवढं खरं हाय. चुकलं असं लिहून देनार न्हाई. तो आकडा टाकला नसता तर चारी मशीनं टेम्पोत गेली असती. अन् चपलांचं तर मी जल्मात लिहिनार न्हाई.”

बदली आली ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाखेवर. मी हळहळलो, रामभाऊ तर रडायलाच लागले. मॅडम म्हणाल्या, “रडता कशाला? माझी बदली करतील. खड्ड्याची करून दाखवा म्हनावं! आन् अकोल्याला पाऊस लई, तिथलं अर्थिंग आपसूक भिजंल.” मला त्यांचा राग आला होता. दोन ओळींसाठी बाई आम्हाला सोडून चालली, असं वाटत होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, “सर, मी सही केली असती तर उद्या पोरांनी आत येताना काय केलं असतं?”

शिक्षेची बदली, त्यामुळे निरोपसमारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. मी बाजारच्या दिवशी चांभाराकडून कातडी वहाणा करून घेतल्या. त्याला बजावून सांगितलं, करकर वाजल्या पाहिजेत. त्यानं तळात कायकाय घालून त्या अशा वाजत्या केल्या की बास. शेवटच्या दिवशी मॅडमच्या पुढं ठेवल्या. त्यांनी पायातल्या रबरी चपला काढल्या, दाराच्या आत पोरांच्या ओळीत शेवटी नीट लावून ठेवल्या आणि नव्या वहाणा घातल्या. व्हरांड्यातून, सगळ्या वर्गांसमोरून, हेडसरांच्या ऑफिसापुढून बाई चालत गेल्या. करकर, करकर. हेडसर दारात येऊन उभे होते. फाटकापाशी जाऊन त्या वळल्या, पुन्हा ऑफिसापर्यंत आल्या आणि पुन्हा गेल्या. ते कशासाठी, हे तिथं फक्त मला आणि हेडसरांना ठाऊक होतं. हेडसरांनी हात जोडले.

मॅडम परत मिरजगावला आल्या नाहीत. डोंगरात त्यांनी तसाच खड्डा खणला, तशीच कॉम्प्युटरची खोली उभी केली, असं कानावर यायचं. पुढं त्या वारल्याची बातमीही अशीच कानावर आली, उशिरा. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, विशेषतः मीच कुठं अडलो असलो की.

त्यांची बदली झाली त्यानंतरच्या जूनमध्ये संस्थेकडून फोन आला, पाटी पुन्हा लावा. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, नजर टेबलाकडं. मी कपाटामागची पाटी काढली, घरी नेली, घासली आणि निळा हात मारून नव्यानं रंगवली. सकाळी दारावर ठोकली. ‘संगणक कक्ष. आत येताना चपला घालाव्यात.’

हेडसर बघायला आले. सवयीनं त्यांची उजवी चप्पल निम्मी पायातून निघाली होती. एका पायावर उभं राहून त्यांनी पाटी वाचली. मला वाटलं, आता म्हणतील, शेख सर, काढा ती. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं त्यांचं. आतून एक पोरगं ओरडलं, “सर, बंद पडलं!”

हेडसरांनी चप्पल परत पायात सरकवली, आत गेले, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, “कुठपर्यंत चालतंय, ते सांग आधी.”